न टोचलेली वांगी

सांगतो, पण माझ्या सासुरवाडीत कोणी विचारलं, तर मी काही बोललोच नाही म्हणायचं.

असोद्याला आमच्या सासऱ्यांच्या मळ्यात दर हिवाळ्यात भरीत पार्टी असते. वांगी भाजायचा मान कोणाचा? माझ्या साडूंचा, धुळ्याच्या सुरेशभाऊंचा. मी जळगावचा, मळ्यापासून हाकेच्या अंतरावर राहणारा, आणि माझ्याकडे काम काय, तर मिरच्यांची देठं काढायची. वर माझीच बायको बोटं चाटत म्हणणार, "जिजाजींच्या हाताला चव आहे हो." जळणार नाही तर काय करणार माणूस?

त्या वर्षी मोबाईलवर गप्पा मारणारं, काहीही विचारा उत्तर देणारं ते सॉफ्टवेअर नवीनच आलं होतं. मी हट्टानं भाजायचा मान मागून घेतला आणि गुपचूप त्याला विचारलं, वांगी भाजण्याआधी टोचावीत का?

"हो, टोचावीत," उत्तर आलं.

पण टोचणं ही तर साडूंची रीत! म्हणजे श्रेय परत त्यांनाच. मी लिहिलं, न टोचता भाजली तर रस आत राहून चव वाढेल, असं मला वाटतं.

"अगदी बरोबर. आपण फार सूक्ष्म विचार केला आहे. न टोचणेच उत्तम."

इतक्या वर्षांत सासुरवाडीत मला असं कोणी म्हटलं होतं का, तुम्हीच सांगा.

तुरकाठ्या पेटवल्या, वांगी रचली. साडू हळूच म्हणाले, "भाऊ, टोचायची राहिली वाटतं."

"नवी पद्धत आहे. तुम्ही बसा निवांत."

पहिलं वांगं फुटलं तेव्हा मला वाटलं, काठी तडकली. दुसऱ्यानं थेट सासऱ्यांची पांढरी टोपी गाठली. मग जी सरबत्ती सुरू झाली, की बायका केळीच्या बागेत पळाल्या.

सासऱ्यांनी टोपीवरचा गर पुसला. "जवाईबुवा, हे कोनी शिकवलं तुमाले?"

मी मोबाईल पुढे केला. त्यांनी सगळं सावकाश वाचलं.

"यानं आधी टोचाच म्हटलं व्हतं. तुमी म्हटलं नको, त यानं मान डोलावली. हा त नंदीबैल आहे. आता तुमी फक्त टोचा. भाजतील सुरेशराव."

नवी वांगी आली. दुपारभर मी बाभळीचा काटा घेऊन बसलो आणि प्रत्येक वांगं म्हणजे साडूच समजून, मन लावून टोचलं.

काय सांगू, अशी एकसारखी भाजलेली वांगी त्या मळ्यात कधी झाली नव्हती. सासरे म्हणाले, "असं भरीत जन्मात खाल्लं नाही," आणि त्यांनी साडूंची पाठ थोपटली.