मिश्रीचं बोट

द्वारकाबाईंना वाटतं, झोप लागतेय. न्हाणीघरात पाय सटकला, डोकं नळावर आपटलं, हे ध्यानात यायच्या आतच डोळ्यांवर ऊबदार अंधारी येते. फरशी गादीसारखी मऊ लागते.

बाहेरच्या दाराला अडकवलेली डबी किणकिणायला लागते.

ही गळ्यात घालायची डबी मुलानं, हेमंतनं, परदेशातून पाठवलेली. स्वतःला यायला होत नाही, म्हणून माणसाच्या जागी प्लास्टिक. रोज सकाळी वाजते. ‘ठीक आहे’चं बटण दाबलं की लेक तिकडे मोकळा. नाहीच दाबलं, तर भोंगा होतो आणि खाली वॉचमनला फोन जातो. पण बाई पडल्या सोवळ्याच्या. प्लास्टिकनं म्हणे देव बाटतात! म्हणून आंघोळीआधी डबी बाहेरच्या कडीला अडकवायची आणि शेजारच्या विमलनं दूध आणता आणता बटण दाबायचं, असा दोघींचा शिरस्ता. विमल श्रावणात गेली. आता बाई पूजा कशीबशी उरकून स्वतःच धावतात. डबी मात्र अजून कडीलाच.

जिन्यात चपला वाजतात. फटक, फटक. न्हाणीघराची भिंत कुठे गेली? समोर जिना आहे आणि विमल वर येतेय. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हाताचं बोट तोंडात. मिश्री घासतेय.

“विमल, तू?”

“मग कोण? डबी कोकलतीय की गं तुझी.”

“अगं, पण तू तर...”

“मेले. म्हणून काय शेजार सुटला?” विमल हसते. दात काळेकुट्ट.

जिन्याला हिरवे पडदे लागतात. विमल गेली त्या दवाखान्यातले. पडद्याआड बाईंना स्वतःचंच न्हाणीघर दिसतं. ओले केस, कानाखाली रक्त, आडवी पडलेली एक म्हातारी. ती आपणच.

“विमल, बटण दाबू नकोस!”

“असं काय करतीस? रोज दाबत होते की. पोरगं घाबरंल तिकडं.”

“घाबरू दे मेल्याला! मी पडलेय. तू दाबलंस तर कुणीसुद्धा यायचं नाही गं.”

“मी आले की.” विमल मायेनं बोलते, तेच भयंकर आहे. “नीज तू. मग माझ्याकडं चल, चहा टाकते.”

तोंडातलं बोट निघतं. काळं, ओलं. डबीकडे जातं. बाईंचे पाय हलत नाहीत. जन्मभर जिभेवर न आलेली शिवी तोंडातून फुटते.

“हात काढ, भवाने!”

मनगट हाती लागतं, दुधाच्या पिशवीसारखं गार. बाई सगळा जीव लावून ओढतात. बोट घसरतं.

भोंगा होतो.

फरशी दगडासारखी गार आहे. कुणीतरी दार फोडतंय. वॉचमन शिर्के आत घुसतो, बाईंच्या अंगावर चादर टाकतो. भोंगा बंद करायला कडीवरून काढलेली डबी त्याच्या हातातच आहे.

“आजी, हलू नका, गाडी बोलावलीय. अन् हे डबीला काळं काय फासलंय?”

‘ठीक आहे’च्या बटणाला चाटून गेलेला, घसरलेल्या बोटाचा ओला फराटा. घरात मिश्री कुणी लावत नाही.

“आण इकडे,” बाई म्हणतात. दात वाजताहेत. “गळ्यात घाल माझ्या.”

“आजी, तुमचं सोवळं...”

“घाल म्हणते ना!”

तो घालतो. डबीला तंबाखूचा जळका वास येतोय.