सुगंधाताईंनी इंजिन बदललं

सकाळी गाडी सुरू करण्याआधी सुगंधाताई बॉनेटवर थाप मारून तिला दिवसाचा कार्यक्रम सांगायच्या. "आज आधी ठाकरवाडी, मंग कर्जतचा बाजार. येताना सिमेंटच्या गोनी हायेत. नखरे नाय करायचे." मग "जय भीम" म्हणून किल्ली फिरवायच्या. लोधिवलीत त्यांच्या शेजारी राहून मला माझा दिवस कसा जाणार हे कधी कळलं नाही, पण त्यांच्या पिकअपचा मात्र रोज कळायचा.

नवरा गेल्यावर दिरांनी गाडी विकायचा सल्ला दिला, तेव्हा ताई गाडी शिकल्या. शिकताना त्यांनी आमच्या कुंपणाचा खांब पाडला. मी धावत बाहेर आलो तर खिडकीतून म्हणतात, "भाऊजी, खांब तुमचा जरा पुढंच हाय." चूक त्यांनी कधीच मान्य केली नाही, आणि काही दिवसांनी मलाही तो पुढेच असल्यासारखं वाटायला लागलं. आता गुडघ्यांपायी त्यांनी गाडी सोडली आहे, नेरळला लेकीकडे असतात. तिथं जावयाला गाडी शिकवतात म्हणे. बिचारा!

ऐन करवंदांच्या दिवसांत पिकअपचं इंजिन बसलं. आम्ही गाडी खोपोलीला हनीफभाईंच्या गॅरेजात ओढून नेली. त्यांनी मान हलवली. "ताई, ये गया. दुसरा डालना पडेगा."

भंगारातल्या एका तशाच गाडीचं इंजिन त्यांनी आणलं. ताई म्हणाल्या, "आधी चालू करून दावा."

"गाडीत बसवल्याशिवाय?"

"घरात सून आनताना आधी बोलून बघतात का नाय? मंग!"

हनीफभाईंनी कपाळावर हात मारला. पण इंजिन जमिनीवर टेकवून, बॅटरी जोडून चालू केलं. त्यातून निघालेल्या काळ्या धुराने आम्ही तिघेही खोकत रस्त्यावर आलो. ताई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "ही नको. हिला दमा हाय."

दुसरं इंजिन मिळेपर्यंत आठवडा गेला. तेवढ्यात कोणी तरी बातमी आणली, की एक नवा टेंपोवाला ठाकरवाडीकडे फेऱ्या मारू लागलाय. ताईंचा चेहरा मी पहिल्यांदाच उतरलेला पाहिला. वाडीतल्या बायकांची करवंदं आणि भाजी रोज बाजारात पोचवणं, हाच त्यांचा खरा धंदा होता आणि खरा गोतावळाही. "बायका तिकडं वळल्या की संपलं, भाऊजी. मंग नवं इंजिन घालून गाडी काय अंगनात फिरवू?"

दुसरं इंजिन ताईंना पसंत पडलं. चेन-कप्पीवर लटकत ते गाडीत उतरलं, तेव्हा ताई खालून हात वर धरून उभ्या होत्या. हनीफभाई ओरडत होते, "अरे ताई, बाजू हटो!" कागदावर इंजिनाचा नंबर बदलून घ्यायची धावपळ माझ्या वाट्याला आली. ती संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ताई मला घेऊन वाडीकडे निघाल्या.

वाडीची घरं रस्त्याच्या वर, आंब्यांच्या आड. रस्ता संपतो तिथं ताईंच्या गाडीचा ओळखीचा आवाज आला, की बायका पाट्या घेऊन खाली उतरायच्या, हा रोजचा रिवाज. आम्ही थांबलो. ताईंनी इंजिन चालूच ठेवलं. कोणी आलं नाही. थोडा वेळ आणखी वाट पाहिली. वर भांड्यांचा आवाज येत होता, कोंबडी ओरडत होती, म्हणजे माणसं घरात होती.

"गेल्या," ताई म्हणाल्या. त्यांचा हात गिअरवर गेला. मला फार वाईट वाटलं.

इतक्यात आंब्यांमागून एक खणखणीत आवाज आला.

"ओ टेंपोवाले! किती येळा सांगायचं? जावा तुमी! आमी आमच्या ताईच्या गाडीनं जानार हाय!"

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. नवं इंजिन आपल्या परक्या आवाजात धडधडत होतं. मग त्यांनी ते बंद केलं, दार उघडलं, आणि वर बघून ओरडल्या,

"अगं सखू, मीच हाय गं!"