पऱ्हाट्यांची वीज

बाळांनो,

परवा थोरल्याने फोनवर विचारलं, "आजी, तुझ्या गावात पऱ्हाट्यांवर चालणारं वीजकेंद्र होतं का? अभ्यासात एक निबंध वाचला. गावाचं नाव नाही, पण हिंगोली जिल्हा आहे." केंद्र बंद पडण्याचं कारण त्यात एका ओळीत दिलंय म्हणे: इंधनाचा पुरवठा घटला. तेव्हाच्या पाहणीचे मूळ फॉर्म कुठे मिळतील, असंही त्याने विचारलं. मी फक्त "हो, होतं" म्हणाले आणि तुमच्या परीक्षेकडे विषय वळवला. ती ओळ माझ्यामुळे लिहिली गेली आहे, म्हणून आता क्रमाने सांगते.

नवं शतक लागल्यानंतरची ती वर्षं. हट्ट्याजवळच्या आमच्या गावात मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नव्हता. गिरणीपुढे दळणाचे डबे दिवसभर रांगेत बसत. तेव्हा बाहेरगावच्या एका संस्थेतून दोन संशोधक आले. दूरच्या तारांवर विसंबू नका, गावाची वीज गावातच करा, असं त्यांचं म्हणणं. कापूस वेचून झाला की शेतात वाळकी झाडं उभी राहतात, त्या पऱ्हाट्या. त्यांचे तुकडे बंद भट्टीत धुमसवायचे आणि निघालेल्या वायूवर इंजिन चालवायचं. घरोघर एक लहानशी पेटी बसणार होती. कुणी जास्त वीज ओढली तर तेवढ्याच घराचा दिवा जाईल, बाकी गाव चालू राहील.

आधी पाहणी हवी होती. फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी यादी केली आणि एकेका शेतमालकाच्या ओसरीवर जाऊन बसले. एका रकान्यात विचारलं होतं, पऱ्हाट्यांचा सध्या काय उपयोग होतो?

"काही न्हाई बाई, पडून राहतात. कोणी बी नेतं," एक मालक म्हणाले. बाकीच्यांनीही तेच सांगितलं. मी प्रत्येक फॉर्मवर इंग्रजीत लिहिलं, उपयोग नाही.

ते कोणी बी म्हणजे माझी आई होती.

आमच्या बौद्धवाड्यातल्या बाया माघात शेतं मोकळी करायच्या. पऱ्हाट्या मुळासकट उपटायच्या आणि त्याच भारे बांधून घरी न्यायच्या. मालकाचं रान नांगरायला तयार, आमचं वर्षाचं जळण दारात. कागद नाही, बोली नाही, आजीच्या आजीपासून असंच. आईच्या हाताला हात द्यायला माझी मोठी बहीण, अक्का, चौथीतून घरी बसली, म्हणून मी पुढे शिकले. हे सगळं मला ठाऊक होतं. पण फॉर्ममध्ये मालकाचं नाव विचारलं होतं; उपटणारीचं विचारलं नव्हतं. आणि मी विचारल्याच्या पलीकडे लिहिलं नाही.

केंद्र उभं राहिलं. अक्काच्या घरात दिवा लागला तेव्हा ती चुलीपुढे बसून हसली. "आता कळलं, माझी भाकर एवढी काळी काहून होती!"

पुढच्या माघात ती नेहमीच्या शेतावर गेली. मालक म्हणाले, "मावशी, उपटा, दिवसाचा रोज देतो. पण भारा न्यायचा न्हाई. मशीनला द्यायच्यात." ती तशीच माझ्या घरी आली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"मास्तरीणबाई, तुमच्या कागदात आमचा भारा कुठं हाय?"

"अक्का, तसा रकानाच नव्हता."

"रकाना नव्हता, पण तू होतीस ना? तुला चूल ठाऊक न्हाई व्हय?"

मी संशोधकांना भेटले. ते चांगले लोक होते, त्यांनी वहीत लिहूनही घेतलं. मग धाकटे म्हणाले, "मॅडम, मंजुरी तुमच्याच फॉर्मवर मिळाली. आता तोच चुकीचा म्हटला तर सगळंच थांबेल." मी फॉर्म तसाच राहू दिला. गावात दिवे होते, आणि मला मॅडम म्हणत होते.

त्या उन्हाळ्यात बाया जळणासाठी नदीकाठच्या वेड्या बाभळी तोडायला जाऊ लागल्या. फांदी ओढताना अक्काच्या डोळ्यात काटा गेला. वसमतच्या दवाखान्यात मी सोबत होते. डोळा वाचला नाही. येताना एसटीत ती माझ्या बाजूला बसली, पण खिडकीकडे तोंड करून.

पुढच्या वर्षी बायांनी ठरवलं, भारा नेऊ देत नाही त्याचं शेत उपटायचं नाही. मालकांनी ट्रॅक्टर लावले, आणि गोळा करून भट्टीपर्यंत न्यायला माणूस नव्हतं म्हणून पऱ्हाट्या रानातच पेटवून दिल्या. भट्टी आधी एक दिवसाआड चालली, मग थांबली. पुरवठा घटला तो असा. मला वाटलं होतं, निदान आता जुनी रीत परत येईल. पण मालकांना ट्रॅक्टरची सवय झाली होती. दिवा गेला आणि भाराही गेला. भिंतीवरच्या पेट्यांत चिमण्यांनी काड्या भरल्या.

मी अक्काकडे गॅसची शेगडी आणि सिलिंडर पोचवलं. ती म्हणाली, "तुझा गॅस मला नको. माझा भारा दे." ती गेली तेव्हा शेगडी खोक्यातच होती.

थोरल्या, तू मूळ फॉर्म मागितलेस. माझ्याकडच्या कार्बन प्रती सोबत पाठवते. अक्षर माझंच आहे, सुवाच्य आहे. खाडाखोड कुठेही नाही.

तुमची आजी