देशी म्हणजे कुठलं?

ठण्ण! लहानपणी माणदेशात विहिरीत पोहरा सोडला की तो तळाच्या खडकावर असा वाजायचा. आई ओळखायची, आज पाणी नाही. म्हणून कामोठ्याच्या आमच्या सोसायटीत ‘फक्त देशी, कमी पाण्याची झाडं’ असा नियम आला, तेव्हा पहिला हात मी वर केला. नियम चांगलाच होता. पण लोक एकमेकांच्या कुंड्यांकडे संशयाने बघायला लागले, की किस्से गवतासारखे उगवतात. त्यांना पाणीसुद्धा लागत नाही!

*

नियम सेक्रेटरी सावंतांनी वाचून दाखवला. ते मालवणचे. मी आपलं सहज म्हणालो, “देशी म्हणजे आमच्याकडची. बाभूळ, हिवर.”

सावंत ताठ झाले. “तात्या, देशी म्हणजे देशावरची नव्हे! आमच्या कोकणातल्या सुरंगीच्या झाडाने काय घोडं मारलंय?”

त्यानंतर चार दिवस ते माझा प्रत्येक शब्द तपासून घेत होते.

*

मग गॅलऱ्यांची तपासणी. कदम वहिनींकडे एक हिरवंगार झाड, पानन् पान चकचकीत.

“वहिनी, ह्याला पाणी किती?”

“अजिबात नाही!”

सावंतांना शंका आली. त्यांनी पान ओढलं. प्लास्टिक!

“नियमात बसतंय की,” वहिनी म्हणाल्या.

*

गेटवरचा गुलमोहर परदेशी निघाला. वहिनी म्हणाल्या, “इतकी वर्षं उभा आहे, कुणी आधार कार्ड बघितलं नाही!” मग कुणीतरी सांगितलं, मिरचीपण बाहेरूनच आलेली.

“मिरचीला हात लावायचा नाही!” सावंत ओरडले. “बांगड्याचं तिखलं काय बाभळीच्या शेंगा घालून करायचं?”

*

राहिला तळमजल्यावरच्या सुमनताईंच्या खिडकीखालचा गुलाब. विलायती, पाण्याला हपापलेला. त्यांचे मिस्टर वामनराव गेल्या वर्षी गेले, त्यांनी लावलेला. सावंत आणि वामनराव रोज संध्याकाळी कॅरम खेळायचे; शेवटचा डाव अर्धाच राहिला.

“ह्यांच्या हातचं एवढंच राहिलंय हो,” ताईंनी हात जोडले.

सावंत नोटीस बोर्डाकडे बघत म्हणाले, “नियम सगळ्यांना एकच. पाणी घालायचं नाही. आपणहून जगला तर राहील.”

ताईंनी शब्द पाळला. पण भर उन्हाळ्यात गुलाबाला कळी आली! बुंध्याशी माती ओली. सावंतांनी वॉचमनला झापलं. वहिनींचा संशय माझ्यावर, माझा वहिनींवर. एकदा तर सावंतांनी माझी बाटली उघडून वास घेतला.

“काय आहे हे?”

“काढा. घेताय घोटभर?”

*

परवा दुपारी मी पार्किंगमध्ये खांबाआड सावलीला टेकलो होतो. आवारात चिटपाखरू नव्हतं. सावंत आले. इकडेतिकडे बघितलं, पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि गुलाबापाशी खाली बसले. आवाज होऊ नये म्हणून धार बुंध्याला टेकवून, सावकाश सोडत होते.

“क्वीन अजून बोर्डावरच आहे रे, वामन्या,” असं काहीतरी पुटपुटले.

मला खोकला आवरला नाही. ते दचकून उभे राहिले. झाकण फिरवता फिरवता हातातून निसटलं. ते मीच उचलून दिलं आणि गुलाबाकडे बघत हळूच विचारलं, “सावंत, ह्याला आता देशी म्हणायचं का?”

त्यांनी झाकण घट्ट लावलं, बाटली पिशवीत घातली आणि जिन्याकडे निघून गेले.