कॅचपोल घराण्याचा मूळ व्यवसाय

आमच्या शेजाऱ्याचं आडनाव कॅचपोल. पहिलं नाव सांगणार नाही, तेवढी सभ्यता माझ्यात शिल्लक आहे. आडनाव मात्र सांगणारच, कारण सगळा सूड त्या आडनावातच आहे आणि मी तो अजून चघळते आहे.

हॉलंडमधल्या हार्लेममध्ये आमची घरं एकाच रांगेत, एकमेकांना चिकटून. मागे सतरंजीएवढं अंगण, मधे लाकडी कुंपण. पलीकडे हे निवृत्त इंग्रज साहेब आणि त्यांची डच बायको. लॉकडाऊन लागला तशी गल्लीनं दर शुक्रवारी व्हिडिओवर जमायची टूम काढली. ज्यानं त्यानं आपला ग्लास आणि आपलं तळण घेऊन पडद्यासमोर बसायचं, गप्पा मारायच्या. इथे त्याला बॉरल म्हणतात. पहिल्याच बॉरलला साहेबांनी आपलं आडनाव उलगडून दाखवलं.

"अत्यंत दुर्मिळ," ते म्हणाले. "समुद्रापलीकडे, तुमच्या डच किनाऱ्याच्या अगदी समोर, इंग्लंडातल्या सफक परगण्यात काय ती आमची थोडी घरं. नॉर्मन काळातलं नाव. आमचा पूर्वज राजाचा अधिकारी होता. महसूल गोळा करायचा." मग माझ्याकडे वळून, "आणि तुमच्या आडनावाचा अर्थ काय?"

मी भाबडेपणानं सांगितलं, की आमच्याकडे पुष्कळांच्या आडनावात गावाचं नाव असतं. आमचे लोक कोकणातल्या अमुक गावचे, म्हणून आम्ही तिथले.

"अच्छा! म्हणजे ते नाव नाहीच. पत्ता आहे."

पडद्यावरच्या सगळ्या चौकटी हसल्या. मीही हसले. दात दाखवून हसले आणि ते वाक्य दाढेखाली जपून ठेवलं.

तरी तेवढ्यावर मी सोडून दिलं असतं. पण मग कोंबड्या आल्या.

त्या हिवाळ्यात शाळा पुन्हा बंद झाल्या. आमची मुलगी दहा वर्षांची, एकुलती. मराठीत बोललं की ती डचमध्ये उत्तर द्यायची. आता तेही देईनाशी झाली. दिवसभर खोलीत, पडद्यासमोर, गप्प. तिच्या मैत्रिणीच्या घरच्यांनी तीन कोंबड्या देऊ केल्या तेव्हा ती कित्येक दिवसांनी खोलीबाहेर धावत आली. आम्ही अंडंही न खाणारी माणसं. सासूबाईंना पुण्याला कळवलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "देवघर कुठल्या भिंतीला आहे?"

नवरा संगणकवाला. त्यानं असं खुराडं बांधलं की पुलाच्या कंत्राटदारानं पाहून जावं. बर्ड फ्लूमुळे हौशी लोकांनाही पक्षी जाळीआड ठेवायचा हुकूम होता, म्हणजे आमच्याबरोबर कोंबड्यांनाही लॉकडाऊन. मुलगी रोज सकाळी थंडीत त्यांच्यापुढे उकिडवी बसायची. एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी ऐकलं, तर ती त्यांच्याशी चक्क मराठीत बोलत होती. "चला गं, खाऊन घ्या. नखरे नकोत." माझेच शब्द, माझाच वैतागलेला सूर! मी पोळी तव्यावर करपू दिली, पण खिडकीतून हलले नाही.

महिनाभरात खेमेंटेचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, फोन. शेजाऱ्यांची तक्रार आहे. वास येतो, पहाटे आरवतात. पाहणीला माणूस येईल, तथ्य आढळलं तर कोंबड्या हलवाव्या लागतील.

आरवतात! तीन माद्या, कोंबडा औषधालाही नाही!

मी कुंपणाशी गेले. साहेब हात मागे बांधून, नियमाप्रमाणे दीड मीटरवर उभे.

"वैयक्तिक काही नाही हं," ते म्हणाले. "पण शहरात कसं राहायचं हे काही लोकांना शिकवावं लागतं. कोंबड्या गावात शोभतात. तुमच्या त्या नावातल्या गावात."

मुलगी माझ्या मागे दारात उभी होती. त्या दिवसापासून ती कोंबड्यांशीही बोलेना. दाणे टाकायची आणि मुकाट्यानं वर जायची, आतापासूनच सवय करून घेतल्यासारखी. तेव्हा मी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही.

दुपारी वाटाणे सोलता सोलता मी इंटरनेटवर इंग्रजी आडनावांचे कोश धुंडाळायला बसले आणि थोड्या वेळानं अशी किंचाळले की नवरा मीटिंग म्यूट करून धावत आला.

कॅचपोल. जुन्या नॉर्मन फ्रेंचमधून इंग्लंडात आलेला शब्द. पहिल्या तुकड्याचा अर्थ पाठलाग करणं. दुसऱ्याचा अर्थ कोंबडी. राजाचा अधिकारी हे खरं, महसुलाचा हेही खरं; फक्त गरिबाच्या घरी पैसे निघाले नाहीत की हा त्याच्या अंगणातल्या कोंबड्या धरून न्यायचा, एवढंच साहेबांनी गाळलं होतं. नाव इतकं दुर्मिळ का राहिलं याचा माझा तर्क त्याच क्षणी पक्का झाला.

आता आमच्याकडे उंदरे आहेत, गाढवे आहेत, ढेकणे आहेत. शाळेत हजेरीला "हजर" म्हणतात आणि खाली बसतात. कोंबडी पकडणाऱ्याचा वंशज असण्यात लाज कसली? लाज लपवण्यात होती, आणि लपवलेल्या वस्तू बाहेर काढायची मला लहानपणापासून हौस.

"जाऊ दे ना," नवरा म्हणाला. "शेजारी आहे."

"मुळीच जाऊ देऊ नकोस," पुण्याहून सासूबाई म्हणाल्या. देवघराचा प्रश्न त्यांनी स्वतःच निकालात काढला होता.

इथे शाळेत प्रत्येक मुलाला वर्गासमोर एका विषयावर भाषण करावं लागतं आणि शेवटी त्यानंच ऐकणाऱ्यांना प्रश्न विचारायचे असतात. मुलीचा विषय कोंबडी. सरावासाठी शुक्रवारचा बॉरल काय वाईट? मी तिला माझा शोध सांगितला आणि एक प्रश्न सुचवला.

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "आई, हा दुष्टपणा आहे ना?"

"हो."

"छान," ती म्हणाली. दोन्ही वाक्यं मराठीत.

शुक्रवारी तिनं पिसं, चोच, जाळीचा हुकूम सगळं नीट सांगितलं. मग घसा खाकरला. "आता प्रश्न. जुन्या काळी इंग्लंडात एक सरकारी माणूस गरिबांच्या कोंबड्या पकडून न्यायचा. त्याला काय म्हणत? अ, मेयर. ब, सार्जंट. क, कॅचपोल."

साहेबांचा ग्लास ओठांपाशी थबकला. आणि त्यांच्याच चौकटीत, त्यांच्याच खांद्याला खांदा लावून बसलेल्या बायकोनं हात वर केला.

"क! क! अरे, हा तर तू!" ती हसत हसत चौकटीतून नाहीशी झाली. खुर्चीवरून पडली असावी. साहेबांचा कॅमेरा बंद झाला, आवाज बंद करायचं मात्र ते विसरले, त्यामुळे तिचं हसणं आम्हाला बराच वेळ ऐकू येत राहिलं.

पाहणी पुढच्याच आठवड्यात होती. सकाळी नवरा खुराडं लखलखीत करायला आत शिरला, कानात हेडफोन, मीटिंग चालूच. जाळीचं दार राहिलं उघडं. तपकिरी कोंबडी कुंपणावरून थेट साहेबांच्या वाफ्यात.

खेमेंटेचा माणूस रीतीप्रमाणे आधी तक्रारदाराकडे गेला. मागच्या बोळातून अंगणात आला, तर राजाचा अधिकारी कमरेत वाकलेला, हात पसरलेले, झुडपांमागे धावतो आहे! रांगेतल्या प्रत्येक खिडकीत डोकी. दारातून बायको ओरडते आहे, "डावीकडून घे, डावीकडून!" आणि काय पकडली हो त्यांनी! एका झडपेत. असलं कसब एका पिढीत येत नाही.

"कोंबडी तुमची?" माणसानं मास्कमागून विचारलं.

"नाही! त्यांची!"

"मग तुमच्या काखेत कशी?" त्यानं टॅब उघडला. "तक्रारदाराचं आडनाव?"

साहेब काहीतरी पुटपुटले.

"जरा मोठ्यानं."

"कॅचपोल!" उत्तर खिडक्यांनी दिलं.

मग तो आमच्याकडे आला. दार उघडं ठेवल्याबद्दल नवऱ्याला समज दिली. खुराड्यात डोकावला, वास घेतला, कान दिला. उरलेल्या दोघी डोळे मिटून बसल्या होत्या. "इथे आवाज आहे," तो गंभीरपणे म्हणाला, "पण तो तक्रारदाराच्या पत्नीचा आहे." कोंबड्या राहिल्या.

साहेबांनी तिसरी बादलीत घालून कुंपणाच्या फटीशी ठेवली आणि दीड मीटर मागे सरले. मुलीनं ती उचलली. "चल गं घरी," ती म्हणाली. "किती तो नखरा!"

अंडी आम्ही खातच नाही, म्हणून ती गल्लीत आळीपाळीनं वाटतो. साहेबांच्या दारात मात्र दर रविवारी ठेवतो, न चुकता. बायको उकडते, समोर ठेवते, त्यांना खावी लागतात. मुलगीच नेऊन देते. मागच्या खेपेला त्यांनी तिला विचारलं, की हे कशासाठी.

"म्हणजे तुम्हाला धावावं लागणार नाही," ती म्हणाली.