गणितापेक्षा बारीक रेघ

उणे दोनशे सत्तर अंशांच्या वर जगात जे काही चालतं, तो आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांच्या मते नुसता गोंधळ आहे. काका प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले शास्त्रज्ञ. रेणू एकटा असला की म्हणे प्रकाशातला आपला ठरलेला रंग तेवढा गिळतो आणि वर्णपटात केसाएवढी रेघ उमटते. दुसरे रेणू येऊन आदळले की ती रेघ फुगते. हे त्यांनी मला सोसायटीच्या सभेत, पार्किंगवरून दोन सभासद एकमेकांच्या अंगावर धावून जात असताना समजावलं. "कडाक्याच्या थंडीत टक्करसुद्धा सभ्य होते हो. सावकाश येतात, जरा रेंगाळतात, जातात. इथे आहे का ही संस्कृती?" मे महिन्यातही ते पंखा लावत नाहीत. म्हणतात, "पंख्याने हवा हलते, थंड होत नाही. फसवणूक आहे ती."

अशा माणसाला मित्र एकच, कॉलेजपासूनचा. तो कागदावर गणित मांडायचा, काका थंड हेलियममध्ये ती रेघ प्रत्यक्ष मोजायचे. सगळ्यात खालच्या तापमानाला काकांची रेघ गणितापेक्षा बारीक आली. "तुझं गणित चुकलं," काका म्हणाले. "तुझा तापमापक तपास," मित्र म्हणाला. एवढ्यावर दोघांचं बोलणं बंद झालं, ते चौदा वर्षं.

गेल्या वर्षी जुन्या वह्या चाळताना काकांना उलगडा झाला. तापमापक होता वायू भरलेल्या डब्याच्या भिंतीवर, आणि आतला वायू भिंतीइतका थंड झालेलाच नव्हता; म्हणून रेणू गणिताइतके रेंगाळलेच नाहीत आणि रेघ कमी फुगली. त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभे राहिले. "कात्रजला सोडता का? एक चूक कबूल करायची आहे." असलं कारण सांगून पुण्यात कोणी लिफ्ट मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मित्राने दार उघडलं. काकांनी उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगितलं. सगळं ऐकून मित्र म्हणाला, "मला आठ वर्षांपूर्वीच कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

काका खाली वाकून सँडलचा बंद सोडू लागले; तो सुटेना, तेव्हा मित्रानेच वाकून तो सोडवला.

आता दर गुरुवारी ते कात्रजला जातात. भांडतात अजूनही. दोघांनाही ऐकू कमी येतं, त्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागतं; पण त्याबद्दल मात्र दोघांपैकी कोणीच कुरकुर करत नाही.