पुसलेला डोंगर

मी आयुष्यात समुद्रात गुडघाभरच उतरलो आहे. माझी मुलगी मात्र सोलापुरात, आमच्या जेवणाच्या टेबलावर, तीन हजार मीटर खोल काम करते. जहाज तळ मोजतं, आकडे क्लाउडवर जातात, आणि ते घरबसल्या साफ करायला ती शिकते आहे. स्क्रीनवर प्रत्येक आकड्याचा एक ठिपका; तळाचे ठिपके ठेवायचे, मध्येच पोहणाऱ्या माशांचे खोडायचे.

काल तिची परीक्षा होती. पास झाली तर नोकरी पक्की. शिकवणाऱ्या बाई गोव्याहून कॉलवर होत्या. ती पाणी प्यायला उठली आणि बायको पदर घेऊन पुढे झाली. "किती डाग गं हे!" स्क्रीन हात लावला की चालणारा, त्यात खोडरबर सुरूच. दोन फटक्यांत समुद्रतळावरचा एक अख्खा डोंगर गेला.

"आई, डोंगर होता तो!"

"मग असा उघडा का ठेवलास?"

बाईंनी क्लाउडवरची आधीची प्रत उघडली, डोंगर जागेवर आला. कुणी कधी पाहणार नाही अशा डोंगराचीही कुठेतरी एक प्रत जपलेली असते, याने मला उगाच धीर आला.

"काकू," बाई हसून म्हणाल्या, "शेजारचे सात ठिपके मात्र बरोबर पुसलेत. मासेच होते, हिच्या नजरेतून सुटलेले."

मुलगी पुन्हा बसली आणि पास झाली. बायको सकाळपासून विचारते आहे, "आणि मला किती गुण?"